वाळूतून निघालेलं जहाज

आमची अलेक्झांड्रिया तीन दिवस वाळूत उभी होती आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. दहावीतल्या एका मुलीच्या आलं.

मी तेव्हा नोएडातल्या एका खासगी शाळेत अकरावी-बारावीला इतिहास शिकवत होते. अकरावीला रोमन साम्राज्याचा धडा असतो. सम्राट, सैन्य, गुलाम, ऑलिव्ह तेलाचे रांजण, आणि शेवटी पडझड. पुस्तकातला नकाशा राखाडी आहे. त्याची झेरॉक्स काढली की जमीन आणि समुद्र एका रंगाचे होतात, आणि दरवर्षी चार-दोन मुलं समुद्रावरून रस्ता काढून मोकळी होतात. वीस वर्षं मी लाल पेनाने ते रस्ते खोडत आले.

मग शाळेत नवी कॉम्प्युटर लॅब झाली आणि प्रत्येक विषयाने काहीतरी डिजिटल करून दाखवावं असा आदेश निघाला. बाकीच्यांनी स्लाइड बनवल्या. मला स्लाइडचा कंटाळा आहे. जे फळ्यावर लिहायचं तेच भिंतीवर पाडायचं, यात नवीन काय? मी इंटरनेटवरचं एक फुकट नकाशाचं साधन शिकून घेतलं. एका तक्त्यात गावाचं नाव, अक्षांश आणि रेखांश भरायचे, की पडद्यावरच्या जगाच्या नकाशावर ठिपके पडतात. दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढली की अंतर कळतं. जहाज दिवसाला किती जातं आणि बैलगाडी किती, हे घातलं की प्रवासाचे दिवस कळतात.

वर्गात सात मुलं होती. इजिप्तचा गहू समुद्रावरून रोमपर्यंत आणण्यापेक्षा तोच गहू बंदरातून डोंगरापलीकडच्या गावात गाडीने नेणं कठीण होतं, हे मी तोंडाने दरवर्षी सांगायचे आणि मुलं दरवर्षी वहीत उतरवून घ्यायची. या वेळी रेघा ओढून झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅम, मतलब मानेसर से नोएडा. इतनी देर में बंदा पुणे से फ्लाइट में आ जाए." बरोबर होतं. मानेसर दिल्लीच्या पार पलीकडच्या टोकाला, मध्ये सगळी ट्रॅफिक. उत्तरपत्रिकेत याहून चांगलं उत्तर मी कधी वाचलेलं नाही.

पण सात मुलांवर विषय चालत नाही. प्रिन्सिपल मॅमनी सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. पुढच्या वर्षीच्या अकरावीसाठी इतिहासाचे दहा फॉर्म आले तर विषय राहील, नाहीतर बंद. "दस मतलब दस. नौ लेकर मत आइएगा मेरे पास." त्या वाईट नव्हत्या. शाळेत खोल्या कमी होत्या आणि डेटा सायन्सला रांग लागली होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

आता ती दहावीतली मुलगी. ती मयूर विहारला आमच्याच सोसायटीत, आमच्या वर दोन मजले राहायची. वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, मूळचे वसईकडचे. शनिवारी अकरावीचा प्रोजेक्टचा तास असायचा आणि तिची आणि माझी बस एकच, म्हणून ती लॅबमध्ये येऊन कोपऱ्यात बसायची. शाळेत मला मॅम म्हणायची, सोसायटीत काकू. लॅबमध्ये गडबड व्हायची.

आमच्या मुलांनी पहिल्याच खेपेला काही गावांचे अक्षांश आणि रेखांश उलटे भरले. रोम आफ्रिकेत जाऊन पडलं, लंडन हिंदी महासागरात. सगळे हसले, आम्ही ते दुरुस्त केलं. अलेक्झांड्रिया राहून गेली, कारण तिचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. उलटे लिहिले तरी ती इजिप्तमध्येच राहते, फक्त किनारा सोडून कैरोजवळ, पिरॅमिडांच्या शेजारी जाते. पुढचे तीन दिवस आम्ही तिथून गव्हाची जहाजं सोडत होतो.

शनिवारी कोपऱ्यातून ती म्हणाली, "काकू... सॉरी, मॅम. ते शिप वाळूतून निघतंय."

"कुठलं?"

"ते. अलेक्झांड्रियाचं. तिथे समुद्रच नाहीये."

मी चष्मा लावून पाहिलं. नव्हताच. अकरावीची सात मुलं आणि वीस वर्षांचा माझा अनुभव एका बाजूला, आणि ही दुसऱ्या बाजूला. मी तिला म्हटलं, इकडे ये आणि सगळा तक्ता तपास. तिने बस येईपर्यंत अजून चार गावं पकडली. बसमध्ये तिने मला विचारलं की त्या काळी शिपवर कॅप्टनला कसं कळायचं कुठे जायचं. मी सांगू लागले की गलबतं किनारा धरून जायची, तर मध्येच म्हणाली, "गलबत म्हणजे?" दिल्लीत वाढलेल्या मुलांचं असंच होतं. मी सांगितलं. उतरताना ती स्वतःशीच तो शब्द म्हणत होती.

त्या दिवसापासून ती दर शनिवारी कोपरा सोडून आमच्यात येऊन बसायला लागली, आणि महिन्याभरात तिने मला सांगून टाकलं की अकरावीला तिला इतिहास घ्यायचाय. मी आनंदाने नाचले वगैरे नाही. मी फॉर्म मोजत होते, हे कबूल करते. पण मुलगी खरोखर या विषयाची होती. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी मिळते.

अडचण घरी होती. तिचे वडील एका रविवारी लिफ्टपाशी भेटले. हातात भाजीची पिशवी.

"मॅडम, तुम्ही तिच्या डोक्यात काय भरवलंय?"

"मी काही भरवलं नाही. तिचं तिनेच ठरवलंय."

"हिस्ट्री घेऊन पुढे करायचं काय?"

"बरंच काही करता येतं. अगदी काही नाही तर माझ्यासारखं शिकवेल."

"तेच तर म्हणतोय मी," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, "बघा, मी अडवणारा बाप नाही. पण विषयासाठी शाळा बदलणार नाही. यमुनेपलीकडच्या शाळेत रोज दोन बस बदलून पाठवणं मला जमणार नाही. याच शाळेत मिळाला तर घेऊ दे. नाही मिळाला तर कॉमर्स. बस."

म्हणजे सगळं त्या दहा फॉर्मवर येऊन ठेपलं. दहा आले तर तिला इतिहास, नाहीतर नाही.

डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन असतं. त्या दिवशी पालक येतात, आणि दहावीचे पालक पुढच्या वर्षीच्या विषयांचे कच्चे फॉर्म भरून देतात. मी ठरवलं, नकाशा तिथेच दाखवायचा. तो आम्ही पायऱ्यांचा केला: बटण दाबलं की आधी इटली, मग रस्ते, मग छावण्या, मग गव्हाची जहाजं. प्रिन्सिपल मॅम तयारी बघायला आल्या. चारही पायऱ्या शांतपणे पाहिल्या आणि म्हणाल्या, "अच्छा है. पर इसमें इंडिया कहाँ है? पेरेंट्स यही पूछेंगे."

रोमच्या नकाशात भारत कशाला, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. रोमला मिरी आपल्याकडूनच जायची. मी ती पाचवी पायरी त्या मुलीला दिली, लाल समुद्रापासून मलबारपर्यंत. तिने भरूच टाकलं, केरळातलं जुनं बंदर मुझिरिस टाकलं. मग मी सांगितलं, सोपारा टाक.

"म्हणजे नालासोपारा? जिथे आत्या राहते?"

"तेच."

"रोमहून नालासोपाऱ्याला जायचे?" ती इतकी हसली की लॅबवाले सर बघायला आले. "आत्या म्हणते तिथून अंधेरीलाही जाता येत नाही!"

प्रत्येक पायरीखाली ती करणाऱ्या मुलाचं नाव यावं हा माझा हट्ट. मुलांचं काम मुलांच्या नावावर पाहिजे. पाचव्या पायरीखाली मी तिचं पूर्ण नाव टाकलं, इयत्ता आणि तुकडीसकट.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. भारताचा नकाशा कागदावर तपासायची मला पक्की सवय आहे. शाळेत कोरे नकाशे सरकारमान्यच वापरायचे, हा नियम. मुलांनी हाताने काढला असेल तर मी आधी नकाशाचं डोकं बघते, काश्मीरची वरची कडा, आणि मग खालचं उत्तर. डोकं चुकलं तर मार्क जातात. बारावीच्या मुलांना ते इतकं पाठ असतं की वर्गात म्हणतात, "मॅम पहले सिर देखती हैं." परदेशी नकाशांत ती कडा तुटक रेषेने दाखवतात, आपल्याकडे ते चालत नाही, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. स्टाफरूममध्ये दुसऱ्यांना मीच ते सांगत आले होते.

आमच्या फुकट साधनात ठिपक्यांच्या खाली जो तयार नकाशा असतो, तो परदेशी होता. लॅबच्या पडद्यावर पाचवी पायरी उघडली की वर जेमतेम कच्छ दिसायचं. काम करताना तो नकाशा कितीदा तरी वर-खाली सरकला असेल, पण आम्ही ठिपके बघत होतो. रेषा फिकट होत्या. कागद असता तर मी आधी डोकं पाहिलं असतं. पडद्यावर मी सोपारा बघत बसले.

प्रदर्शनाच्या दिवशी नकाशा हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लावला. सकाळी गर्दी चांगली होती. दहा वाजेपर्यंत माझ्याकडे नऊ फॉर्म जमले. नऊ. मग ती मुलगी वडिलांना घेऊन आली आणि तिने स्वतः पाचही पायऱ्या दाखवल्या. नालासोपाऱ्याला ते थबकले. "अरे वा," म्हणाले, "ताईला फोटो पाठवतो." त्यांनी फोटो काढला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि तिथेच टेबलावर वाकून दहावा फॉर्म सही करून दिला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म फाइलमध्ये ठेवला आणि पुढच्या पालकांकडे वळले, कारण काम होतं.

मोठ्या पडद्यावर नकाशा मोठा होत नाही, जास्त भाग दिसतो. पाचवी पायरी तिथे उघडली की वर पूर्ण उत्तर भारत दिसत होता, आणि त्याच्याही वर ती तुटक रेषा. सकाळभर ती तिथे होती. दोनशे माणसं समोरून गेली असतील. त्यातल्या एका पालकांनी ती पाहिली, फोटो काढला आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली तिचं नाव, इयत्ता, तुकडी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो फोटो माझ्यापर्यंत पोचला, मला तो सहा जणांनी पाठवला.

मी आधी पडदा बंद केला, मग प्रिन्सिपल मॅमच्या खोलीत गेले. त्यांच्यासमोर फोन वाजतच होता. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आप? आप से ये हुआ?" ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑफिसने खुलाशाचा मसुदा टाइप करून आणला. त्यात लिहिलं होतं की सदर चूक विद्यार्थिनीकडून अनवधानाने झाली. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं की नकाशा मी निवडला, मी तपासला, चूक माझी. क्लार्कबाई म्हणाल्या, "मॅम, बच्ची का लिखने से मामला हल्का हो जाता है." मी म्हटलं, होऊ दे जड. सही केली. खुलासा सगळ्या पालकांना गेला. तो कुणी वाचला असं मला वाटत नाही. फोटो सगळ्यांनी पाहिला होता.

सोमवारी सकाळी पहिल्या तासाआधी तिचे वडील आले. ऑफिसला जायच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र. मुलगी मागे उभी.

"मॅडम, फॉर्म परत हवाय."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी लिहून दिलंय."

"वाचलं मी. तुमच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण नाव तिचं आहे ना खाली. आणि आडनाव माझं." त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या मंत्रालयात कुणी एक तक्रारीचा अर्ज टाकला ना, की माणूस रिटायर होतो पण चौकशी संपत नाही. आणि मी स्वतःच तो फोटो काढून बहिणीला पाठवलाय. तिने चार ठिकाणी पुढे पाठवला. काय सांगू मी? दिसलं नाही म्हणून?"

मलाही दिसलं नव्हतं. पण ते वाक्य तिथे उपयोगाचं नव्हतं.

"बाबा, पण विषयाचा काय—"

"तू गप्प बस. विषयामुळेच झालं."

मी फाइल उघडली आणि फॉर्म काढून दिला. त्यांनी तो चार घड्या करून खिशात ठेवला. आठवडा संपेपर्यंत आणखी चार पालक आले. त्यांची भीती वेगवेगळी होती, पण फॉर्म सगळ्यांनाच परत हवा होता. उरलेले पाच घेऊन मी प्रिन्सिपल मॅमकडे गेलेच नाही. नऊ घेऊन येऊ नका म्हणणाऱ्या बाईसमोर पाच कशाला ठेवायचे?

ती मुलगी त्यानंतर लॅबमध्ये आली नाही. जानेवारीत एकदा बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती म्हणून बसली. मयूर विहार जवळ आलं तसं तिने दप्तर उचललं. मग म्हणाली, "काकू, मी बघितलं त्यात. खालचा नकाशा बंद करायचं एक बटण आहे. बंद केलं की सगळ्या लाइन्स जातात. फक्त आपले ठिपके आणि रस्ते राहतात. तरी सगळं कळतं. इटली कळते. आपला किनारा पण कळतो."

मी विचारलं, "तू करून बघितलंस?"

"हो. घरी. मग डिलीट केलं. बाबा म्हणाले लॅपटॉपवर नको."

बटण होतं. मला माहीत नव्हतं. मी ठिपके पाडायला, रेघा ओढायला, दिवस मोजायला शिकले होते. बंद करायला शिकले नव्हते.

त्या एप्रिलपासून इतिहास नव्या अकरावीला नाही. माझी सात मुलं बारावी करून निघून गेली, आणि आता त्या खोलीत डेटा सायन्स असतो. मी सहावी ते आठवीला सामाजिक शास्त्र शिकवते. रोमबद्दल तिथे काही नाही. नकाशाचं साधन शाळेत कुणीही वापरायचं नाही असं पत्रक निघालं, ते अजून लागू आहे. शिवाय माझ्याकडे एक नवं काम आलं. शाळेत कुठल्याही विषयात, कुठल्याही भिंतीवर भारताचा नकाशा लागणार असेल तर तो आधी मी बघायचा. त्यासाठी मला रबरी शिक्का करून दिलाय. शिक्क्यावर तारखेची जागा आहे. शिक्षा म्हणून दिलाय की विश्वास म्हणून, ते मी विचारलं नाही. काम आलं की करते.

गेल्या महिन्यात कॉमर्सच्या प्रोजेक्टचे नकाशे आले, मुलं एकेक करून रांगेत. त्यात ती होती. आता बारावीला आहे, उंच झालीय. तिचा नकाशा शीतगृहांचा आणि बंदरांचा होता, हाताने काढलेला. मी सवयीप्रमाणे आधी डोकं पाहिलं. वरची कडा तिने काळ्या पेनाने तीनदा गिरवली होती, इतकी की कागद मागून उठला होता. कुठेही चूक नाही. मग मी खाली पाहिलं. कांडला बंदर समुद्रापासून बोटभर आत होतं.

मी म्हटलं, "कांडला जमिनीवर गेलंय."

तिने वाकून पाहिलं. तिला दिसलं, हे मला दिसलं.

"मॅम, त्याचे मार्क नाहीत," ती म्हणाली.

मागे अकरा जण उभे होते. मी तारीख फिरवली, शिक्का मारला आणि नकाशा तिला परत दिला.